लाइन खराब म्हणे

सांगायची मला हौस नाही. रिटायर लोकांच्या मासिकवाल्यांनी पिच्छा पुरवला, "नाना, लाइनमनचे किस्से द्या." चौथी शिकलेला माणूस, काय देणार? पण सारी उमर खांबावर गेली की किस्से आपोआप साचतात, गंजासारखे. घ्या तर. एकाच गिऱ्हाइकाचे सांगतो.

नव्वदच्या पुढची गोष्ट. जळगावला डाळमिल, धुळ्याला तिचं ऑफिस. दोन्हीकडे कॉम्प्युटर आणले. जळगावचं मशीन धुळ्याच्या मशीनला फोन लावणार, मोडेम नावाचा डबा शिट्ट्या मारणार, की मालाची फाइल इकडची तिकडे. फाइल अडली की तक्रार ठरलेली: लाइन खराब.

आणि धुळ्याची लाइन म्हणजे मी आणि पंडित. पंडित रोजंदारीवर. टेलिफोन खात्यातल्या आमच्या साहेबांनी बजावलेलं, तक्रारी थांबल्या तरच कायम करू. त्यामुळे मिलच्या शेठचं मशीन अडलं की पंडित माझ्याआधी सायकल काढायचा.

*

पहिली तक्रार, धुळ्याचं मशीन उचलतच नाही. गेलो. तिथं मुनीम बसलेला. आमच्यादेखत घंटी वाजली. डबा उचलणार, तोच मुनीमानं रिसीव्हर कानाला लावला. "नमस्कार शेठ." पलीकडून नुसती डब्याची किंकाळी.

म्हटलं, "मुनीमजी, डब्याला उचलू द्या ना."

"शेठचा फोन वाजतो अन् मी बसून राहू? माझी नोकरी घालवता का?"

पंडितच्या नोकरीचं कोणी विचारलं नाही.

*

मग फाइल अर्ध्यातच तुटायला लागली. मुनीमाचं घर ऑफिसच्या वर, तिथं त्याच तारेवर दुसरा फोन. मुनीमाची आई, अक्का, भडगावच्या लेकीला फोन लावायला रिसीव्हर उचलायची. आत मशीनची चिरचिर. ती ऐकतच बसायची.

पंडित म्हणाला, "अक्का, ठेवी दे ना ते."

अक्का म्हणाली, "कोन्ही तरी रडी ऱ्हायनं रे मझार. त्याले एकटं कसं सोडू?"

वरचा फोन आम्ही काढून आणला. तक्रार पंडितच्या नावावर चढली ती चढलीच.

*

उन्हाळ्यात तर डबा मधेच मरायचा. बघतो तर मुनीमानं धूळ लागू नये म्हणून त्याला गोधडीचा तुकडा गुंडाळलेला. हात भाजेल इतका तापलेला. पंडितनं गोधडी सोडली.

मुनीम म्हणे, "गरमी तुझ्या तारेतून येते, मला शिकवू नको."

*

दसऱ्याचा दिवस. शेठचा सकाळपासून साहेबांना तगादा, धुळ्याचं मशीन लागत नाही. एक्सचेंजमधून टेस्ट केली, तर टोकाला काहीच नाही. म्हणजे तार कुठं तरी तुटलेली. ऑफिसला कुलूप, मुनीम घरच्यांना घेऊन देवीला गेलेला.

साहेब म्हणाले, "आज लाइन चालू झाली नाही तर पंडितनं कायम व्हायचं विसरावं."

मी म्हटलं, मुनीम येऊ दे, आत बघू. पंडित थांबेना. "नाना, कायम व्हवानं शे माले." ऑफिससमोरच्या खांबावर चढला. वर तारेला फोन जोडून बघितला आणि ओरडला, "आठेलगून बठ्ठं चांगलं शे." म्हणजे खांबापर्यंतची लाइन शाबूत. मग ऑफिसकडं जाणारी तार ओढून बघायला बाजूला वाकला. खांब बुडाशी गंजलेला. खांबासकट खाली आला.

दवाखान्यात पोचेपर्यंत संपला होता.

दिवेलागणीला मी परत ऑफिसवर गेलो. मुनीम आलेला. रस्त्यात आडवा पडलेला खांब ओलांडूनच आलेला, काय झालं ते शेजाऱ्यांनी त्याला सांगितलेलं. त्यानं कुलूप उघडलं. आत पाटावर कॉम्प्युटर, मोडेम, टेलिफोन मांडलेले. हळदकुंकू, झेंडूची माळ. भिंतीतली वायर उपसून, नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. तिलाही कुंकू.

"दसऱ्याला यंत्राला विसावा द्यावा लागतो," मुनीम म्हणाला. "शेठला सांगायचं राहिलं."

त्यानं माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. "सोनं घ्या नाना, सोन्यासारखे राहा."

पुढं चौकशी झाली. मुनीमानं सांगितलं, लाइन खराब होती. पंडित कायम नव्हता, म्हणून बायकोच्या हाती काही लागलं नाही. मुनीम तिच्या दारी गेला नाही, माझ्याजवळही माफीचा शब्द काढला नाही. अजून धुळ्यातच आहे. नाव धनराज तोताराम.