दारावरची नेवेना

आपोस्तोल परदेशी पाहुण्यांना गाव दाखवत आमच्या गल्लीत आणायचा तेव्हा आधी त्यांना गप्प करायचा. ओठांवर बोट ठेवून म्हणायचा, "हळू बोला. इथले लोक ऐकतात."

पाहुणे इकडेतिकडे बघायचे. टेकडीवरची आमची चढाची, दगडी फरशीची गल्ली. सकाळच्या वेळी तिथे मांजराशिवाय कोणी नसे. मग आपोस्तोल स्टामात शिंप्याच्या दाराकडे हात करायचा. दारावर कागद चिकटवलेला, त्यावर स्टामातचा फोटो, नाव, आणि खाली घरच्यांच्या दोन ओळी.

"हे आमचे स्टामात. वारले त्याला बरीच वर्षं झाली. पण आमच्या प्लोव्दिवमध्ये माणूस मेला म्हणून घर सोडत नाही. दारात उभा राहून कोण आलं, कोण गेलं ते बघतो. नीट बघा, स्टामात आत्ता तुमच्या बाह्यांची लांबी बघतायत."

पाहुणे आपापल्या बाह्यांकडे बघायचे आणि हसायचे. हे मी माझ्या खिडकीतून कितीदा ऐकलं असेल! शाळेत मी जर्मन शिकवत होते, त्यामुळे त्याचं बोलणं मला कळायचं. व्याकरण भयंकर होतं. ऐकणाऱ्यांचं मात्र काही अडत नव्हतं.

गल्लीतल्या प्रत्येक कागदासाठी त्याच्याकडे एक वाक्य तयार होतं. अंडी विकणाऱ्या वासिल्कासाठी एक, घंटा वाजवणाऱ्या थोराड भावांसाठी एक. आमची गल्ली म्हाताऱ्यांची, त्यामुळे कागदही भरपूर. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी नवा लागतो, सहा महिन्यांनी लागतो, पुढे दर वर्षी. जुना कोणी फाडत नाही. ऊन-पाऊस नेईल तेव्हा नेईल. जाणारा-येणारा क्षणभर थांबतो, नाव वाचतो, 'देव क्षमा करो' म्हणतो आणि वाटेला लागतो. कागद असतो तो त्या तीन शब्दांसाठी.

आपोस्तोल पूर्वी मालट्रक चालवायचा. भोपळी मिरचीचे डबे घेऊन व्हिएन्नाला, प्रागला, पार हॅम्बुर्गपर्यंत. रविवारी तिकडे मालट्रकना रस्त्यावर बंदी. इतर चालक ट्रकच्या सावलीत पत्ते कुटत बसायचे, हा गाडी गावाबाहेर लावून पायी गावात शिरायचा. असं करत त्यानं अर्ध्या युरोपातली जुनी गावं रविवारी-रविवारी चालून पाहिली. "गाडी वेशीपर्यंत, बाई," तो मला सांगायचा, "पुढे पाय. काचेतून बघितलेलं गाव फोटोतल्या लाडवासारखं."

ट्रकचं काम सुटल्यावर त्यानं हीच रीत आपल्या गावाला लावली. सकाळी पाहुण्यांना जुन्या वेशीतून आत घेऊन टेकडीवर चालवायचं, रोमन नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसवायचं, आणि दुपारनंतर आपल्या पिवळट लाडा गाडीतून बाचकोवोच्या मठापर्यंत न्यायचं. आमची गल्ली बरोबर मधे यायची. गल्लीत पाहुणे सगळ्यात जास्त रमायचे, कारण तिथे नेवेना होती.

नेवेना त्याची बायको. तो स्टामातच्या दारापाशी आला की ती वरच्या खिडकीतून ओरडायची, "अरे, मेलेल्यांना तरी सोड! जिवंतपणी कमी छळलंस का त्यांना?"

"त्यांची काही तक्रार नाही."

"तोंडं शिवलीयत म्हणून. मला विचार!"

मग ती खाली यायची. तबकात छोट्या बश्या, बशीत हिरव्या अंजिराचा मुरंबा, एकेक अंजीर, शेजारी थंड पाण्याचे पेले. पाहुण्यांची भाषा तिला येत नव्हती. ती प्रत्येकासमोर तबक धरून उभी राहायची, आणि समोरच्यानं अंजीर तोंडात घालेपर्यंत हलायची नाही. परत गेल्यावर लोक पत्रं पाठवायचे, त्यांत नाट्यगृहापेक्षा अंजिरांचं कौतुक जास्त असायचं.

व्हिएन्नाला नेईन, प्रागला नेईन, असं आपोस्तोल तिला लग्नापासून सांगत आला होता. लाडा घेतली ती त्यासाठीच. प्रत्यक्षात ती गाडी तिला घेऊन मठाच्या पलीकडे कधी गेली नाही. एकदा आम्ही तिघं त्यांच्या अंगणात बसलो होतो तेव्हा नेवेनानं विचारलं, "तिकडे दारावर कागद लावतात का रे?"

"छे. तिकडे दारं स्वच्छ."

"मग मेलेल्याला देव क्षमा करो कोण म्हणतं?"

आपोस्तोलनं खांदे उडवले. "तसलं गाव काय बघायचं," असं म्हणून ती भांडी उचलून आत गेली.

चेरीच्या दिवसांत ती आजारी पडली. अंजिरं धरली तेव्हा तिनं अंथरुणातून उठून मुरंबा केला, अर्ध्याच बरण्या झाल्या. हिवाळ्याच्या तोंडाशी खालच्या सपाटीवरून धुकं चढून टेकडी पुसून टाकतं ना, त्या दिवसांत ती गेली. मुलगी देनित्सा स्पेनहून आली, तिनं कागद छापून आणले. कानातले डूल घातलेला नेवेनाचा फोटो तिनंच निवडला. आठवड्यानं तिला कामावर परत जावं लागलं.

कागद लावायला आपोस्तोल स्वतः गेला. खळीचा डबा नि ब्रश घेऊन देवळाच्या फळीवर, पावाच्या दुकानाजवळच्या खांबावर, बस थांब्यावर, बाजारात. संध्याकाळी परत आला तेव्हा पेना आजी आपल्या पायरीवर बसली होती. पेना आजी आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"आपोस्तोल, अख्ख्या गावाला सांगितलंस. घराला सांगायचं राहिलं."

"लावतो, आजी. खळ संपली."

"खळ संपली तर पीठ आहे की. का दुसऱ्याच्या घरी मेली ती?"

"उद्या लावतो म्हटलं ना."

दार कोरंच राहिलं. लोक मेणबत्ती घेऊन यायचे, दारासमोर थबकायचे, घर चुकलं की काय असं बघायचे. पेना आजी रोज मला म्हणायची, "पोरगी बिचारी स्वतःच्या दारात त्या शब्दांवाचून उभी आहे." नेवेनाचं वय साठीच्या पुढचं, पण पेना आजीला ती पोरगीच.

थोड्या दिवसांनी आपोस्तोलनं काम पुन्हा सुरू केलं. आता मात्र तो पाहुण्यांना वेशीतून आत घेईना. लाडात बसवून टेकडीला वळसा घालायचा आणि थेट नाट्यगृहाशी उतरवायचा. हे मला पावाच्या दुकानात कळलं. गाडी वेशीपर्यंत, पुढे पाय, हे जन्मभर सांगणारा माणूस आता सगळं गाव काचेतून दाखवत होता. पाहुणे कागदांच्या गल्लीबद्दल विचारायचे. त्यानंच ती इतकी नावारूपाला आणली होती. "रस्ता खोदलाय," असं तो सांगायचा.

चाळिसावा दिवस जवळ आला तसं मला राहवेना. मी त्याच्याकडे गेले. तो स्वयंपाकघरात बसला होता, टेबलावर कागदांचा गठ्ठा तसाच, वरच्या कागदावर नेवेना हसत होती. मी म्हटलं, "आपोस्तोल, त्या दिवशी लोकांना द्यायचे गहू मी उकडून आणीन. साखर, अक्रोड, सगळं माझ्याकडे आहे. कागद तेवढा तुझ्या हातानं लागायला हवा."

त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. मग म्हणाला, "बाई, दवाखान्यात असताना तिनं मला विचारलं, माझ्यासाठी कुठलं वाक्य काढलंस?"

मला लगेच कळलं नाही.

"गल्लीत प्रत्येकाचं एक वाक्य आहे ना. स्टामातचं आहे, वासिल्काचं आहे. ती वरून रोज ऐकायची. म्हणाली, माझ्या दारापाशी थांबशील तेव्हा काय सांगशील? मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, तुला कसली घाई आहे. तर म्हणते, विचार करून ठेव, आयत्या वेळी तुला सुचत नाही."

"मग?"

"सुचत नाही." त्यानं गठ्ठा टेबलावर सरळ केला. "जे सुचतं त्याला लोक हसतील. मला दुसरं बोलताच येत नाही, बाई. आणि कागद लावला की लोक विचारणारच."

"तर मग काही बोलू नकोस. कागद लाव नि पुढे चल."

"तिच्यापुढून न बोलता जाऊ? इतरांना एकेक वाक्य, आणि तिला काहीच नाही?"

मी गहू भिजत घालायला घरी आले.

चाळिसाव्या दिवशी त्यानं कागद लावला. पेना आजी काठी टेकत आली, कागदासमोर उभी राहिली, मोठ्यानं म्हणाली, "देव क्षमा करो, नेवेना. उशीर झाला, पण यात तुझा दोष नाही." आपोस्तोल ब्रश हातात धरून ऐकत होता. आम्ही सगळ्यांना गहू वाटले. त्याचा चेहरा मला जरा हलका वाटला. दुसऱ्या दिवशी तो लाडाची किल्ली खुंटीला लावून पायीच वेशीकडे गेला.

त्या दिवशी त्याच्याबरोबर सहा-सात जण होते. मी खिडकीत होते. गल्लीच्या तोंडाशी त्यानं ओठांवर बोट ठेवलं, "हळू बोला, इथले लोक ऐकतात," म्हणाला. स्टामातपाशी थांबला, लोक हसले. वासिल्कापाशी हसले. मग नेवेनाचं दार आलं.

तो थांबणार नव्हता बहुधा. पण एक लाल टोपीवाली बाई थांबली. कागद नवा, पांढराशुभ्र, फोटो ताजा. तिनं फोन काढला, फोटो घेतला आणि विचारलं, "आणि ही? हिची काय गंमत?"

आपोस्तोल दाराकडे बघत राहिला. त्याचा ओठ हलला, पुन्हा मिटला. बाईला वाटलं त्याला प्रश्न कळला नाही. तिनं सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुम्ही हिला ओळखत होता?"

"नाही," आपोस्तोल म्हणाला.

आणि तो चालायला लागला. पाहुणे त्याच्या मागोमाग उतारावरून गेले. पेना आजी पायरीवर होती. तिला जर्मन येत नाही, म्हणून तिनं नेहमीसारखी मान हलवून त्यांना निरोप दिला.

संध्याकाळी तो माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तरी येईना. टोपी हातात घेऊन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखा.

"बाई, तुम्ही खिडकीत होता?"

"होते."

"ऐकलंत?"

खोटं बोलणं मला जमलं असतं, पण उपयोग झाला नसता. "ऐकलं."

"म्हणजे तिनंही ऐकलं."

मी म्हटलं, "अरे, ती सगळी तूच रचलेली गोष्ट. कागद कुठे ऐकतो?"

"हजारो लोकांना मी शपथेवर सांगितलं, बाई. आता ते एकट्या तिच्यापुरतं खोटं कसं धरू?"

त्यानं टोपी घातली आणि गेला. त्यानंतर त्यानं एकही पाहुणा आणला नाही. लाडा अंजिराखाली उभी आहे. पानं पडतात, कुजतात, त्यांचे डाग टपावर राहतात. देनित्सानं स्पेनला बोलावलं, तर म्हणाला, तिकडे दारं स्वच्छ असतात.

तो आता दारात बसतो. सकाळी खुर्ची बाहेर आणतो, कागदाशेजारी ठेवतो आणि भिंतीला पाठ लावून बसतो. थंडीत घोंगडी गुंडाळून बसतो. दुपारी मी सूप नेऊन देते, तेही तिथेच पितो. नेवेनानं त्या शेवटच्या वर्षी केलेला मुरंबा अजून आहे म्हणे. आपोस्तोल बरणी उघडत नाही, आणि आम्ही विचारत नाही.

पाहुणे अजून येतात. आता त्यांना आणायला कोणी लागत नाही, फोनच वाट दाखवतो. ते कागदांचे फोटो काढतात, स्टामातसमोर आपल्या बाह्या बघून हसतात. आपोस्तोलचं वाक्य कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवलंय. हसत हसत ते नेवेनाच्या दाराशी येतात, तेव्हा आपोस्तोल उठतो. टोपी काढतो. त्यांच्या भाषेत सांगतो, "ही माझी बायको."

पुढे काहीच नाही. लोक फोन खाली करतात. कोणी चुळबुळत माफी मागतं, कोणी नुसतं बघतं, आणि मग सगळे भराभर उतार उतरून जातात. तो पुन्हा बसतो. दिवसाकाठी किती वेळा उठत असेल! गुडघे दुखतात त्याचे, मला दिसतं. एकदा मी म्हटलं, "अरे, बसून सांग." तर म्हणाला, "त्या दिवशी मी उभाच होतो."

वर्षाचा कागद लावला त्या सकाळी पेना आजी नेहमीप्रमाणे आली, देव क्षमा करो म्हणाली, आणि परत जाताना माझ्या खिडकीखाली थांबली.

"बाई, बघा हो जरा त्याच्याकडे. कागद लावला तो लावला, वर स्वतःही दाराला चिकटला."

मी बघितलं. नेवेना हसत होती. शेजारी आपोस्तोल डोळे मिटून बसला होता, आणि गल्लीच्या तोंडाशी कोणाचे तरी पाय वाजले तसे त्यानं टोपीकडे हात नेला.