लाल रंगासाठी पाणी शोधताना: खोपट ते आंबिवली

सात महिने माझा लाल रंग चॉकलेटी येत होता. मी मंजिष्ठेने कापड रंगवते. एकटीच, ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत. तुरटी बदलली, कापड बदललं, मंजिष्ठा दुसरीकडून मागवली. रंग तोच. दोन दुकानांनी ओढण्या परत पाठवल्या. शेवटी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली कापडाची एक पट्टी घरच्या नळाखाली धरली. पिवळसर पट्टी पाहता पाहता राखाडी झाली. म्हणजे पाण्यात लोखंड. लोखंड लागलं की हिरडा काळवंडतो, आणि त्यावर चढणारा लालही.

दोष टँकरच्या पाण्याचा, असं मी ठरवून टाकलं. चांगलं पाणी कुठे मिळतं ते बघायला एक रविवार काढायचा. नाही मिळालं तर काम बंद, पातेली भंगारात. हे घरी बोलून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी येते. पातेली माझ्या लग्नातली आहेत."

ठाण्याहून आंबिवलीला रेल्वेने तासाभरात पोचता येतं. आम्ही वळसा घेतला, कारण विहिरी रुळांवर नसतात. सकाळी सातला खोपटहून पनवेलची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर फुकट. आई, म्हणजे सासूबाई, त्र्याहत्तरच्या. कंडक्टर म्हणाला, "आजी, पंचाहत्तर ना?" आई म्हणाल्या, "अजून दोन वर्षं आहेत. घाई करू नकोस."

शीळफाट्याला उतरलो. इथे धूळ फार, रुमाल हवाच. एका टपरीवर कटिंग घेतला आणि त्यांच्या पिंपातल्या पाण्यात पट्टी बुडवली. पट्टी राखाडी. टपरीवाला धावत आला.

"मॅडम, चेकिंगला आलात काय? बोरिंगचं पाणी भांडी धुवायला आहे फक्त. चहाला फिल्टरचं."

"आम्ही कापडवाल्या," मी म्हटलं.

"मग काळं का झालं ते?"

"लोखंड आहे त्यात."

"अरे बाप रे," तो म्हणाला, आणि चहाचे पैसे घेईना. आईंनी ते बरणीवर ठेवले.

तिथून डोंबिवलीपर्यंत बस सहज मिळते, कल्याण-शीळ रस्त्यावर ती किती वेळ उभी राहील ते मात्र सांगता येत नाही. डोंबिवली आईंची. लग्न होऊन त्या इथेच आल्या, तीस वर्षं राहिल्या. चाळीच्या मागे एक विहीर होती. तिच्या पाण्यात डाळ एका वाफेत शिजायची, असं त्यांनी मला कितीदा सांगितलंय. प्रत्येक जागेसाठी वेगळी पट्टी आणली होती, आणि या विहिरीच्या पट्टीवर मी आदल्या रात्रीच पेन्सिलीने 'डोंबिवली' लिहून ठेवलं होतं.

विहिरीच्या जागी पार्किंग होतं. पांढऱ्या रेघांनी आखलेलं, सतरा नंबरची जागा रिकामी. आई त्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. मग कोरडी पट्टी माझ्या हातातून घेऊन त्यांनी पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "चल, भूक लागली."

कल्याणला मिसळ खाल्ली. तिखट आहे, ताक आधीच मागवा. पुढे आंबिवलीला रिक्षा केली; तिकडे अजून विहिरी आहेत असं ऐकलं होतं. रिक्षावाल्याला विचारलं, जुनी विहीर कुठे आहे? त्याने सरळ एका चार मजली इमारतीसमोर सोडलं. पूर्वी शेत होतं, आता भाडेकरू. विहीर अंगणात तशीच. काठावर खुर्ची टाकून मालकीणबाई बसलेल्या, सत्तरीच्या, हातात मोबाइल.

"कोन पाहिजे गो?"

मी सगळं सांगितलं. त्या हसल्या. "आमी पान्यातून मीठ काढलं, तुमी रंग काढा."

पट्टी बुडवली. पिवळसर होती, पिवळसरच राहिली. मी पुन्हा बुडवली. तेव्हा कुठे माझं विहिरीवर लक्ष गेलं: बांबूची चौकट, त्यावर नायलॉनची जाळी.

"पोरांनी लोखंडाची बसवलेली," त्या म्हणाल्या. "मी काढाया लावली. माझं माहेर मिठागरातलं. मीठ ओढायची फली पन आमची लाकडाची. लोखंड लागला का मीठ तांबडं. तुमच्या घरी पानी कुठून येतं?"

"टँकरचं. खालच्या टाकीत पडतं, मग पंपाने वर."

"टाकीचं झाकन कसलं?"

आई म्हणाल्या, "लोखंडाचं. आतली शिडीपण."

"मंग गावभर कशाला फिरता गो?"

आई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. बाईंनी आम्हाला सुकटीची, म्हणजे सुक्या मासळीची, चटणी आणि भाकरी खायला घातली. आईंनी चटणी तेवढी माझ्या ताटात सरकवली. निघताना मी पाच लिटरचा कॅन भरून घेतला. लागणार नव्हता, तरी घेतला.

सोमवारी टँकर आला. पाइप टाकीत सोडण्याआधी मी बादली धरली. पट्टी पिवळसर राहिली. टँकरवाल्याला मी सात महिने मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. त्याला चहा दिला. वॉचमनने झाकण उचललं तर शिडीच्या गंजाचे पापुद्रे पाण्यावर तरंगत होते.

नवं झाकण आणि शिडी सोसायटीच्या पुढच्या सभेत. तोवर मी टँकरवरूनच बादल्या भरते. तिसरा मजला. आई लिफ्टचं दार धरून उभ्या राहतात आणि किती सांडलं ते मोजतात.

पहिली ओढणी मात्र मी आंबिवलीच्या पाण्यात रंगवली. लाल आला. बाल्कनीत वाळत घातली होती तेव्हा आई आतून पर्स घेऊन आल्या. डोंबिवलीची ती कोरडी पट्टी त्यांनी माझ्यापुढे धरली.

"हीपण टाक."

ती तुरटीत बुडवली, मग पातेल्यात टाकली. आता ती त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेली आहे. पेन्सिलीची अक्षरं लालातूनही वाचता येतात.