कॉम्प्युटरच्या मागे बसणारे काका

मिलवाले काका आमच्या कॉम्प्युटरसमोर कधी बसले नाहीत. ते नेहमी मागे बसत. स्नेहलतागंजात माझं गेमचं दुकान होतं. सहा मशीनं, प्लायवुडचे सहा कप्पे. पुढे कॉलेजची पोरं गाड्या पळवत, बंदुका चालवत, आणि मागे भिंतीलगतच्या फटीत काका एका उलट्या पत्र्याच्या डब्यावर बसलेले. पाच वर्षांत त्यांनी एकही गेम पाहिला नाही. पण पंख्याच्या आवाजावरून सांगत, "चार नंबरवर गाड्यांचा चालू आहे ना भिया? बघ, कसा हांफतोय."

काका कपड्याच्या मिलमध्ये लूमचे फिटर होते. मिल बंद झाली तेव्हा पंचेचाळिशीत. पुढे कूलर, मिक्सर असं मिळेल ते दुरुस्त करत राहिले. माझ्याकडे आले तेही कूलरसाठीच. त्याच दिवशी एका मशीनचा पंखा अडकला होता. त्यांनी सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब सोडून तो फिरवला, आणि मग आमच्याकडेच राहिले. कॅबिनेट तापलंय का हे ते पालथा हात लावून बघत, घरात कुणाचा ताप बघावा तसं. "पंजा नाही लावायचा," म्हणत. "पंजा काम करून निबर होतो, खोटं सांगतो. उलट्या हाताला खरं कळतं."

'खराब' हा शब्द त्यांना चालत नसे. मशीन बंद पडलं की मी कपाळाला हात लावायचो, "गेलं काका हे."

"गेलं नाही, थकलंय. तू थकला तर तुला कबाडीवाल्याला देतं का कोणी? तुझ्या बायकोला विचारून बघ, देईल पण!"

चहा आला की मात्र ते एकच गोष्ट सांगत. मिलची शेवटची दिवाळी. साहेबांनी सांगितलं, सगळे लूम खोलून ओव्हरहॉल करा, सणानंतर मोठं काम येतंय. फिटर लोकांनी दिवाळी सोडून लूम खोलले, घासले, बसवले. सणानंतर गेटला सील होतं, आणि थोड्या दिवसांनी तेच लूम ट्रकवर चढून दुसऱ्या गावी गेले. चालू मशीनला गिऱ्हाईक लवकर मिळतं. "विकायचे तर विका ना," काका म्हणत. "आम्ही काय अर्धं काम केलं असतं? बराबरच केलं असतं. पण सांगायचं तर होतं भिया."

मग समोरच नवं पार्लर उघडलं. नवे गेम आमच्या मशीनवर अडखळत. पोरं माझ्या तोंडावर म्हणत, "भिया, तुमच्याकडे गेम नाही, फोटोंचा अल्बम चालतो." जुन्या मशीनची ताकद वाढवायची की मशीनंच बदलायची, हे मला ठरवायचं होतं. काकांचा हिशेब तयार होता: "तीनमध्ये रॅम वाढव, दोनचं कार्ड बदल, बाकी मी बघतो. दोन वर्षं काढून देतो." मी आठवडाभर घोळत राहिलो आणि गुपचूप नव्या मशीनची ऑर्डर दिली. विकणारा जुनी बदल्यात घ्यायला तयार होता. अट एकच, सहाही साफ आणि चालू हवीत.

मी काकांना म्हटलं, "तुमचंच ऐकतो काका. सहाही खोलून ठीक करा."

तेव्हा मिलची गोष्ट आठवली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. आठवली होती. मी स्वतःला समजावलं की ती एवढी मोठी मिल होती, हे आपलं छोटं दुकान. त्यांचं मन कशाला मोडा? खरी भीती वेगळी होती. कळलं तर ते काम टाकून जातील, ही.

दहा दिवस काका खपले. ब्रशने धूळ काढली, सुटलेले टाके झाळले. सहाव्या मशीनसाठी स्वतःच्या घरच्या रेडिओतला पुर्जा काढून आणला. तो तळहातावर ठेवून दाखवला तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी त्यांच्यासाठी पोहे मागवले.

अकराव्या दिवशी टेम्पोतून नवी मशीनं उतरत असताना काका सायकलवरून आले. सवयीने एका नव्या कॅबिनेटच्या मागे गेले. तिथे स्क्रूवर कागद चिकटवला होता.

"हे काय?"

"वॉरंटीचं सील, काका. आता कंपनीचाच माणूस खोलणार."

त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "हां. आमच्या गेटला पण होतं. जरा मोठं."

मग जुन्या सहाही मशीनना एकेकदा पालथा हात लावला. टेम्पोवाल्याला म्हणाले, "तीन नंबर उभं ठेव भिया. आडवं केलं तर कार्ड हलतं." आणि गेले. पुन्हा आले नाहीत. डबा तिथेच राहिला, मला तो हलवता आला नाही.

मल्हारगंजात त्यांच्या घरी जायचं मी वर्षानुवर्षं ठरवत होतो. दुकानही पुढे बंद झालं. काका वारल्याचं मला दोन महिन्यांनी, पानवाल्याकडून कळलं.

गेल्या महिन्यात मुलीचा गेमचा कॉम्प्युटर धापा टाकू लागला. ती नोकरी करते, थकून आली की तासभर खेळते. वाढवायचा की बदलायचा, यावर घरात तोच सगळा ऊहापोह झाला आणि तिने नवा मागवला. जुना विकण्याआधी नीट करून घ्यायला दुरुस्तीवाला बोलावला. स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली, "बाबा, विकायचाय हे त्याला बोलू नका हं. नाहीतर टाळाटाळ करेल."

मी बाहेर आलो. दुरुस्तीवाला पंखा काढून जमिनीवर बसला होता. मी म्हटलं, "भिया, हा आम्ही विकतोय. नवा येतोय."

त्याने मानही वर केली नाही. "तो क्या हुआ अंकल? काम तो बराबर ही करेंगे ना."

एवढंच होतं. काकांनी तर मला हे आधीच सांगून ठेवलं होतं, चहाच्या प्रत्येक कपाला. मी त्याच्यासाठी पोहे आणतो म्हणून आत गेलो, आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.