कच्च्या धाग्यावरचं कार्ड

आमचे हे टेलर. समोरच्या माणसावर नुसती नजर फिरवून कंबर सांगतील, पण स्वतःच्या मनात काय आहे ते विचारलं की तोंडाला कुलूप. दुसरी खोड म्हणजे मधलं. कापड घेतील ते मधल्या भावाचं, बाकावर बसतील ते मधोमध. तीन भावांत हे मधले, आणि आम्ही तीन बहिणी होतो त्यातली यांनी कितवी निवडली हे सांगायला नको.

मी गेम खेळते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. बर्फात बुडालेल्या एका गावात बंदूक घेऊन शिरायचं आणि लपलेले शत्रू हुडकायचे, असा तो गेम. आमच्या टीममध्ये तिघी: मी, माझी लेक आणि लेकीची सासू, म्हणजे माझ्या विहीणबाई. कप्तान अर्थातच विहीणबाई. एरवी ही बाई अगदी तोलूनमापून बोलणारी, पण हातात बंदूक आली की म्हणते, "डावीकडे सरका विहीणबाई, मरायचंय का?"

आता या वयात हे खूळ कुठून लागलं, तर लेकीपायी. लग्न होऊन ती लांब गेली. फोनवर "बरी आहे, जेवले, ठेवते" एवढंच बोलते. खेळताना मात्र खिदळते, चिडते, माझ्या नेमाला नावं ठेवते, घरात होती अगदी तशी. खरी लेक मला तिथेच भेटते. यांचं तर फोनवर माझ्याहून वाईट. "हं" म्हणतात, थोडं थांबतात आणि "घे, आईशी बोल" म्हणून फोन माझ्या हातात कोंबतात.

पण आमचा कॉम्प्युटर पडला म्हातारा. मला बर्फ दिसेपर्यंत शत्रू मला गोळी घालून जेवायला गेलेला असायचा. शेवटी विहीणबाईंनी सुनावलं, "रविवारी स्पर्धेचा सामना आहे. तोवर नवीन ग्राफिक्स कार्ड बसवा. नाही तर तुमच्या जागी मी आमच्या जाऊबाईंना घेईन."

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा कॉम्प्युटरमधला भाग. माझं आणि लेकीचं नातं आता त्यावर अडकलं होतं, आणि ते निवडणार कोण, तर हे. माझा जीव टांगणीला लागला.

दुकानात दुकानदाराने तीन कार्डं मांडली. हे म्हणाले, "मधलं द्या." झालं होतं काम. पण दुकानदाराला राहवेना. "याहून भारी एक कालच आलंय," म्हणून त्याने चौथं काढलं. आता चारांत मधलं कुठून आणायचं? यांनी सगळ्यात हलकं अजून एक मागवलं. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, हलक्यातही दोन प्रकार येतात, एका पंख्याचं आणि दोन पंख्यांचं. झाली सहा, पुन्हा मधलं हरवलं. काउंटर भरला, मागची गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, आणि हे प्रत्येक कार्ड उचलून त्याच्या पत्र्याच्या बारीक पात्यांवरून बोट फिरवत होते. "चुण्या छान घातल्यात. कारागिराचा हात चांगला आहे."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही पहिल्यांदा उचललंत ना, तेच घ्या. याच्या वरच्याला तुमच्या कॉम्प्युटरची वीज पुरायची नाही. खालचं घेतलंत तर गेम परत अडकेल."

"म्हणजे घट्ट नाही आणि ढगळही नाही," हे म्हणाले. गळ्यातली टेप काढून त्यांनी कार्डाची लांबी घेतली. कॉम्प्युटरच्या डब्याचं माप घरून घेऊनच आले होते. "बोटभर सैल बसेल. बांधा."

घरी आल्यावर खरी गंमत. कार्ड खाचेत बसवलं, वायर जोडली, पण स्क्रू काही लावेनात.

"अहो, सामना सुरू होईल. पिळा तो स्क्रू."

"पहिली ट्रायल कच्च्या धाग्यावरच होते. आधी पक्कं करायचं आणि मग उसवायचं, हे माझ्याकडे चालत नाही." आणि खरोखर, पांढऱ्या कच्च्या धाग्याने यांनी कार्ड डब्याच्या दांडीला टाचलं. मी हात टेकले.

सुरुवात मात्र अशी झाली की काय सांगू. शत्रूच्या तोंडातून निघणारी वाफसुद्धा दिसली मला. दोघांना आडवं केलं. विहीणबाई चक्क "शाब्बास" म्हणाल्या. आणि सामना ऐन रंगात आला असताना धागा तुटला, कार्ड खाली झुकलं, पडदा काळा.

"विहीणबाई, कुठे गेलात? जाऊबाईंना बोलावू का?"

हे चटकन जमिनीवर बसले, डब्यात हात घालून बोटाने कार्ड उचलून धरलं. मी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि गावात परतले.

"आई, तुझ्या बाजूला कोण धापा टाकतंय?" लेकीचा आवाज आला.

"तुझे बाबा. कार्ड धरून बसलेत."

"बाबा?"

"हं," हे म्हणाले. मी वाट बघत होते की आता म्हणतील, घे, आईशी बोल. पण हात गुंतलेला, जाणार कुठे. पडद्याकडे मान वाकडी करून म्हणाले, "ती निळ्या कोटातली तू का? डावा खांदा उतरलाय तुझा."

लेक इतकी हसली की तिचा नेम चुकला. "बाबा, कोट राहू द्या. माझ्या मागे कुणी येतंय का बघा."

"येतोय एक. ढगळ पँटवाला. विहिरीपाशी."

लेकीने वळून त्याला उडवला. पुढे सामना आम्ही हरलो, पण विहीणबाई म्हणाल्या, "जाऊबाई राहू देत. व्याह्यांना रोज बसवा. त्यांची नजर चांगली आहे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकान बंद करून हे डब्याशेजारी बसतात, बोटाने कार्ड धरून. लेकीला शत्रूंचे कपडे सांगतात, बाह्या कुठे चुकल्यात ते सांगतात, एकदा तर तिच्या नवऱ्याचं वजन वाढलंय का तेही विचारलं. स्क्रूचं नाव काढलं की म्हणतात, "अजून फिटिंग बसलं नाही."

काल यांचा शर्ट धुवायला टाकताना खिशात काहीतरी टोचलं. तो स्क्रू. त्याला इवलीशी पिशवी शिवलेली, कडा दुमडून, बटणासकट. हरवू नये म्हणून. इतक्या वर्षांत या माणसाला लेकीशी बोलायला जमलं नव्हतं, आणि आता जमलं ते कार्ड धरून.

मी पिशवी धुतलेल्या शर्टाच्या खिशात ठेवून दिली. संध्याकाळी हे सुई घेऊन बसले आणि कार्ड पुन्हा टाचायला धागा मागितला. मी कच्चाच दिला.