तेल खराब करण्याची जबाबदारी

आमच्या मुलीने मला आयुष्यात एकच काम सोपवलं, ते म्हणजे तेल खराब करणं. बाकीची कामं मी कुणी न सांगताच खराब करत आलो आहे, त्यामुळे हे मला जमणार याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

ती इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएच.डी.चं संशोधन करते. विषय आहे विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं वंगण. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. "विजेच्या वंडीला कसलं गो तेल? तेलाची कटकट नको म्हणून तर मी ती घेतली." (आमच्या घरी गाडीला, अगदी स्कूटरलासुद्धा, वंडीच म्हणतात. तमिळनाडूत इतक्या पिढ्या काढल्यावर एवढं तर चालायचंच.)

"अप्पा, इंजिन नाही म्हणून गियर नाही असं कुठे आहे?" ती म्हणाली. "मागच्या चाकापाशी एक छोटी पेटी असते, तिच्यात दातेरी चाकं फिरतात. पेट्रोलची वंडी हळूहळू जोर धरते. ही मूठ पिळली की सगळा जोर एकदम. तो सगळा त्या वाटीभर तेलाला सोसावा लागतो."

ते किती दिवस सोसतं, हा तिचा प्रश्न. कॉलेजात एक यंत्र आहे, ते ए.सी.च्या खोलीत तेच तेल एकाच वेगाने तासन्‌तास घुसळतं. पण तंजावूर काही ए.सी.त नाही. म्हणून तिला खऱ्या रस्त्यावरच्या, खऱ्या माणसांच्या वंड्या हव्या होत्या. चार मिळाल्या. तीन कॉलेजातल्याच लोकांच्या, हॉस्टेल ते प्रयोगशाळा अशा गुळगुळीत रस्त्यावर फिरणाऱ्या. चौथी माझी. मी राहतो राजवाड्यामागच्या गल्लीत, ऑफिस ओरत्तनाडूला, आणि महिन्यातून एकदा पापनाशमच्या आमच्या शेतावरून तांदूळ आणायचा. उन्हातून, बसच्या मागे थांबत-निघत, पुढ्यात गोणी आणि मागे बायको.

"तुमच्यासारखी वाईट वंडी तंजावुरात कुणी चालवत नाही, अप्पा. मला तीच हवीय."

मी ती स्तुती समजलो आणि हो म्हणालो.

ठरलं ते असं: सात महिने चालवायची. दर महिन्याला ती सिरिंजने अंगठ्याएवढ्या बाटलीत थोडं तेल काढून नेणार. सातव्या महिन्याच्या शेवटी मात्र पेटी पूर्ण रिकामी करणार, कारण सगळ्या तपासण्यांना पुरेल एवढं तेल तेव्हाच मिळणार होतं: ते किती पातळ झालं, किती आंबट झालं, त्यात धातूची पूड किती उतरली. मला एक वही दिली. मी ती मराठीत लिहिली, पण तमिळ अक्षरांत. देवनागरी लिहायला माझा हात चाळिशीनंतर बसला, आणि घाईत अजून तो रुसतो. तिच्या तमिळ गाइड मॅडम वही घडाघडा वाचत आणि मग विचारत, "याचा अर्थ काय?"

पहिला महिना मी वंडी अशी चालवली की जणू मागे पालखी बांधली आहे. पोरीचं तेल आहे, जपायला नको? सायकलवाले मला ओलांडून जात. वही बघून ती ओरडली, "अप्पा, तेल खराब व्हायलाच हवंय! तुम्ही नेहमीसारखं चालवा ना!"

"नेहमीसारखं म्हणजे कसं?" मी विचारलं.

"देव आठवेल असं," आतून बायको म्हणाली.

मग मी नेहमीसारखं चालवलं. सहा बाटल्या गेल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा काळी. ऑफिसात मी सगळ्यांना सांगत असे की माझ्या वंडीवर संशोधन चालू आहे. हळूहळू ते 'माझं संशोधन' झालं.

शेवटचा रविवार जवळ आला, तेव्हा मी ते केलं. आमच्या घरात एक रीत आहे. शेजारचं भांडं परत करताना रिकामं द्यायचं नाही, आणि मुलीबरोबर वडीलधाऱ्यांकडे काही पाठवायचं तर जुनं, वापरलेलं पाठवायचं नाही. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. हे तेल आता कॉलेजात जाणार, मॅडम बघणार, बाहेरगावचे परीक्षक बघणार. पोरीच्या हातून असलं काळंकुट्ट तेल पाठवायचं? बापाची काही अब्रू? शनिवारी मी मेकॅनिककडे गेलो आणि पेटी धुऊन, उत्तमातलं नवीन तेल भरून आणलं.

रविवारी सकाळी ती अंगणात वर्तमानपत्र पसरून बसली. बोल्ट सैल केला. बाटलीत मधासारखी सोनेरी धार पडली. मी कौतुकाची वाट बघत उभा होतो.

तिने बाटली उजेडात धरली. वास घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अप्पा, हे आपलं तेल नाही."

मी सांगितलं. आम्ही दोघं तशीच मेकॅनिककडे गेलो. त्याने कोपऱ्यातला डबा दाखवला. त्यात गावातल्या सगळ्या वंड्यांचं तेल एकत्र झालं होतं. "सार, तुम्हीच म्हणालात ना, टाकून द्या?"

परतताना ती मागे बसली होती. बुधवारी तिला परीक्षकांपुढे काम मांडायचं होतं, आणि खऱ्या रस्त्यावर तेलाचं काय होतं हे सांगणारी वंडी एकच होती. राजवाड्याच्या कमानीपाशी मी हळूच म्हणालो, "सहाव्या महिन्याचं थोडं उरलंय म्हणत होतीस. तेच सातव्याचं म्हणून दे. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय," ती म्हणाली. एवढंच. मी पुढे बघून वंडी चालवली, आणि त्या दिवशी एकही खड्डा चुकवायचं मला सुचलं नाही.

बुधवारी वंडीचा मालक म्हणून मलाही बोलावणं होतं. तिने पडद्यावर आलेख दाखवला. सहा ठिपके आणि मग रिकामी जागा. ती सरळ म्हणाली, "सातवा नमुना नाही. मालकाने आदल्या दिवशी तेल बदललं. ही माझी चूक आहे. तेल का जपून ठेवायचं ते मी त्यांना नीट समजावलं नव्हतं."

'मालक' म्हणाली, 'वडील' म्हणाली नाही. मी खुर्चीत आणखी खाली सरकलो.

परीक्षक चष्म्यावरून बघत तमिळमध्ये म्हणाले, "मालक आलेत का?" मला उभं राहावं लागलं. का बदललं, विचारलं. मी भांड्याच्या रीतीपासून सगळं सांगितलं. खोली हसली, मॅडमसुद्धा हसल्या. परीक्षक मात्र हसले नाहीत. ते मुलीकडे वळले. "लोक असंच करतात. तुम्ही झाकलं नाहीत हे बरं केलंत. पण सहा ठिपक्यांवर मी निष्कर्ष मान्य करणार नाही. पुन्हा चालवा, पहिल्यापासून."

पुन्हा सात महिने. म्हणजे तिचं काम तेवढं लांबलं, माझ्यामुळे. जिन्यावर मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "अप्पा, उद्यापासून. ऑफिसला उशीर झालाय असं समजून निघायचं."

मी निघालो. कडक उन्हात निघालो, गोणी घेऊन निघालो, बसच्या मागे थांबून मूठ पिळून निघालो. वहीत एक दिवस चुकवला नाही. लोकांना मुलगी डॉक्टर होणार याचा अभिमान असतो. माझी होईलच. पण तिने ती रिकामी जागा सगळ्यांपुढे रिकामीच दाखवली, याचा मला जो अभिमान वाटतो तो ऑफिसात सांगून कुणाला कळत नाही. मी तरी सांगतोच.

गेल्या रविवारी तिने पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. या वेळी धार काळी पडली, जाड, आणि उन्हात तिच्यात बारीक चकाकी दिसली. तीच धातूची पूड. तिने बाटली फिरवून बघितली आणि लहानपणी बक्षीस मिळाल्यावर हसायची तशी हसली. बूच लावलं, तारीख घातली.

"दे, मी धरतो, तू हात धू," मी म्हणालो.

"नको अप्पा," ती म्हणाली, आणि बाटली घेऊनच हात धुवायला गेली.

मी आग्रह केला नाही.