पाठीवर चालणाऱ्या अळ्या

दातेसाहेबांची आणि माझी ओळख झुरळांनी करून दिली. वारज्यातल्या आमच्या इमारतीत मी नवा राहायला आलो होतो आणि स्वयंपाकघरात माझ्या आधीच कोणीतरी राहायला आलेले होते. तळमजल्यावरचे श्री. मोरेश्वर दाते पिकांवरच्या किडीचे सरकारी तज्ज्ञ होते, नुकतेच निवृत्त झाले आहेत, असे कळल्यावर मी त्यांची बेल वाजवली. साहेबांनी दार अर्धेच उघडले.

"झुरळं आपली आहेत, की आधीच्या बिऱ्हाडाची?"

"कल्पना नाही."

"मग आधी चौकशी करा. दुसऱ्याची मारू नयेत."

आतून त्यांच्या पत्नी शालिनीकाकूंचा आवाज आला, "अहो, त्यांना कशाला विचारताय? त्यांना सगळ्यावर एकच औषध माहीत आहे. या आत, चहा घ्या."

दुसऱ्याची मारू नयेत. विनोदात टाकलेले हे वाक्य साहेबांना पुढे किती जड जाणार होते, ते तेव्हा आम्हा तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

साहेबांच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला 'कृपया तिरकस लिहू नये' असे बजावले आहे. मी प्रयत्न करतो आहे. पण ज्यांचा गौरव करायचा ते स्वतःच सरळ बोलत नाहीत, ही माझी अडचण मंडळाने समजून घ्यावी.

साहेबांच्या नोकरीतल्या कामाबद्दल इतर मान्यवर लिहितीलच. उसाची आणि भुईमुगाची मुळे कुरतडणारी पांढरी हुमणी कशी मारावी, हे त्यांनी गावोगाव फिरून शिकवले. 'दिसली की ठेवू नका' हे त्यांचे वाक्य शेतकऱ्यांना पाठ होते. मी लिहिणार आहे ते इमारतीच्या मागच्या विटांच्या हौदाबद्दल.

हा हौद काकूंचा. साऱ्या इमारतीच्या भाजीची देठे, सालपटे आणि अंगणातला पालापाचोळा त्यात पडे. त्यात बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या असत. कुजके खाऊन त्यांनी टाकलेल्या लेंड्यांचे काळे, भुसभुशीत खत होई, आणि त्यावर काकूंचे गुलाब असे फुलत की समोरच्या बंगल्यातल्या बाई सकाळी मुद्दाम दुसरीकडे बघत जात. काकू या अळ्यांना माहेरवाशिणी म्हणत. "खातात आणि लोळतात, दुसरं काम नाही. पण घर भरलेलं वाटतं."

साहेब त्या हौदाकडे कधी फिरकले नाहीत. किड्यांची नोकरी करून घरी आलेला माणूस घरी किडे बघत नाही.

मग काकू आजारी पडल्या. शस्त्रक्रियेसाठी त्या रुग्णालयात असताना साहेबांना वाटले, ती येईपर्यंत तिचा हौद साफसूफ करून ठेवावा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फावडे आत घातले आणि पांढऱ्या अळ्या वर आल्या. हुमणी! तज्ज्ञाला दुसरी शंका आली नाही. त्या दुपारी त्यांनी औषध कालवून ओतले. संध्याकाळी मला जिन्यात थांबवून म्हणाले, "बाईसाहेबांचे गुलाब वाचवले." इतके खूश मी त्यांना नंतर कधी पाहिले नाही.

काकू घरी आल्या त्या दिवशी त्यांना हाताला धरून हौदापाशी नेणाऱ्यांत मीही होतो. त्यांनी काठीने पाला उकरला. बराच वेळ उकरला.

"अहो, एकदा विचारायचं होतंत."

"हुमणी होती ती, शालिनी."

"हुमणी जमिनीवर ठेवली तर पाय मारत, कुशीवर सरपटत जाते. या उताण्या होऊन पाठीवर चालायच्या. जित्या मुळाला तोंड लावत नाहीत त्या. कुजकंच खातात."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला कोण हवं? मी बघत होते."

एवढे बोलून त्या आत गेल्या. रागावल्या नाहीत, आणि तेच वाईट झाले. रात्री साहेबांनी आपली जुनी पुस्तके काढली. पाठीवर चालणाऱ्या त्या भुंग्याच्या अळीबद्दल दोन ओळी होत्या. त्यांच्याखाली पेन्सिलीची रेघ होती, साहेबांनीच विद्यार्थिदशेत मारलेली. हे त्यांनीच मला सांगितले, पुस्तक उघडून दाखवून सांगितले. आपली चूक पुराव्यानिशी शेजाऱ्याला दाखवणारा पुणेकर मी तोवर पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी काकूंच्या बाबतीत फार आशा ठेवू नका असे म्हटले होते. साहेबांनी विषारी झालेला पाला उपसून टाकला, हौद धुतला, नवा पाला भरला. अळ्या मात्र कुठल्या दुकानात मिळेनात. एका सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. "स्कूटर चालू आहे ना आपली? लोणी काळभोरला जायचंय."

लोणीला बबनराव नावाचे त्यांचे जुने ओळखीचे शेतकरी. आम्ही उकिरड्यातल्या अळ्या मागायला आलो आहोत, हे त्यांना दोनदा सांगावे लागले.

"साहेब, तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, दिसली की ठेवू नका म्हणून?"

"चुकलं माझं, बबनराव. शेतातली वेगळी आणि उकिरड्यातली वेगळी."

"मंग इतकी वर्सं आमी उकिरड्यात काय मारत व्हतो?"

साहेबांनी हात जोडले. बबनराव त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. "ऱ्हाऊ द्या आता," म्हणाले, आणि कुदळ आणायला गेले. सकाळभर उकरून जुन्या गव्हाणीखाली सात अळ्या सापडल्या. तुपाच्या डब्याला भोके पाडून, डबा मांडीवर धरून साहेब मागे बसले. हडपसरच्या गर्दीत मी एकदा करकचून ब्रेक लावला, तर म्हणाले, "आपल्याला काही झालं तरी चालेल. डबा सांभाळा."

काकूंच्या पलंगावर त्यांनी स्टीलचे ताट ठेवले आणि अळ्या सोडल्या. सहा उताण्या होऊन पाठीवर चालू लागल्या. सातवी कुशीवर पाय मारत राहिली. काकूंनी ती बोटाने बाजूला सारली. "ही नव्हे. एक मार्क गेला तुमचा." आणि हसल्या. त्या घरातले ते शेवटचे हसणे.

खत व्हायला महिने लागतात. काकूंकडे आठवडे होते.

त्यानंतर साहेब ते ताट आणि तो डबा घेऊन शहरभर हिंडले. सोसायट्यांत, शाळांत, गच्चीवर बागा करणाऱ्यांच्या बैठकांत. प्रत्येक ठिकाणी सुरुवात एकच: "मी कीटकतज्ज्ञ. स्वतःच्या बायकोच्या अळ्या मारलेला." लोक आधी हसत, मग नीट ऐकत. हिंजवडीच्या एका उंच संकुलात एक तरुण मुलगी म्हणाली, "काका, सॉरी, पण हे जाम क्रीपी आहे." साहेब म्हणाले, "आपल्याबद्दल त्यांचंही तेच मत असेल. पण आपला कचरा खातात बिचाऱ्या." आज त्या संकुलाचा ओला कचरा ती मुलगी बघते.

माझे वडील गेले तेव्हा भेटायला येऊन बसणाऱ्यांत साहेब नव्हते. तेराव्यानंतर दाराशी खताची पिशवी होती आणि तिला चिठ्ठी टाचलेली: 'वडिलांच्या तुळशीस घालणे. पाणी बेताने. आभार मानण्यास येऊ नये.' मी गेलो नाही. तुळस अजून आहे.

या ग्रंथालाही त्यांचा विरोधच होता. "गौरव कसला? मी माफी मागत फिरतोय, आणि जिची मागायची ती ऐकायला नाही," असे ते मंडळाला म्हणाले. मंडळाने ते नम्रता समजून सोडून दिले. ती नम्रता नव्हती.

गेली दोन वर्षे साहेबांची नजर जवळजवळ गेली आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या इमारतीतल्या एक बाई कुंडीतली अळी कागदावर घेऊन आल्या. "काका, ही मारायची की ठेवायची?" साहेब कागदाकडे वाकले. काही दिसेना. मी सांगायला तोंड उघडणार, इतक्यात त्यांनी हात पुढे केला. "ठेवा इथे."

अळी तळहातावर चालू लागली. साहेब मान खाली घालून थांबले.

"पाय लागत नाहीत," ते म्हणाले. "उताणी आहे. घरी जाऊ द्या तिला."

दातेसाहेब, शतायुषी व्हा म्हटले तर आपण 'कशाला?' असे विचाराल, म्हणून कारणासकट सांगतो. काकूंच्या हौदात या वर्षीच्या माहेरवाशिणी आल्या आहेत, आणि पुढच्या वर्षीही येतील. आमच्यापैकी कोणाच्या तळहाताला अजून त्यांची ओळख पटत नाही. ती पटेपर्यंत आपण धडधाकट असावे. आम्ही शिकायला फार वेळ लावणार आहोत.