चालून दावा

"बोलू नका, चालून दावा," असे म्हणत मुकादम चुन्याच्या फक्कीचे घमेले उचलायचे. रस्त्याची तक्रार घेऊन कोणीही आला तरी त्याची पायपीट ठरलेली.

साहेबाला सलाम ठोकून शहाणपण शिकवणारा असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मी तेव्हा शिरूरला बांधकाम खात्यात नवाकोरा इंजिनिअर होतो, आणि ते आमच्या रस्त्याच्या गँगचे मुकादम.

तळेगाव ढमढेरेजवळच्या एका गावात उसाच्या ट्रॅक्टरने एका शाळकरी मुलीचा पाय मोडला. गावाने रस्ता अडवला. मी कचेरीत बसून दोन गतिरोधक आखले. एक शाळेच्या फाटकासमोर, दुसरा सरपंचांच्या दारात. दुसरा तिथेच का, ते विचारू नका.

मुकादमांनी नकाशा पाहिला आणि घडी घालून परत दिला. "सायेब, कागदाव कोण चालत न्हाई."

रविवारी त्यांनी सगळी आळी रस्त्यावर बोलावली. जो तो आपल्या रोजच्या वाटेने चालायचा आणि मुकादम मागून फक्की सोडत जायचे. दुपारपर्यंत रस्ता रेघांनी भरला. शाळेच्या फाटकापाशी मात्र एकही रेघ नव्हती. पोरे कुंपणाच्या भगदाडातून गिरणीजवळच्या वळणावर उतरत होती.

सरपंच तापले. "आमच्या दारात ब्रेकर पायजेच!"

"व्हय आप्पा. चालून दावा."

आप्पा तावातावाने निघाले ते थेट वळणावरच्या पानटपरीवर. आळी पोट धरून हसली. शेवटी आप्पाही हसले.

एक म्हातारी तेवढी ओट्यावरच बसून होती. "मी न्हाई जात आता," ती म्हणाली. "गाड्यांचं भ्या वाटतं." रस्त्यापलीकडे तिची बहीण अंथरुणाला खिळली होती, आणि दिवाळीपासून दोघींची भेट नव्हती.

मी टेप गुंडाळायला लागलो होतो. मुकादमांनी घमेले माझ्या हातात दिले. "मावशी, जवा जात हुता तवा कुठनं जात हुता?" त्यांनी तिचा हात धरला. ती चालली, मी मागून फक्की सोडली. तीही रेघ वळणावरच गेली.

ब्रेकर वळणावर झाला आणि म्हातारी रोज बहिणीकडे जाऊ लागली. जे जायचे सोडून देतात त्यांनाही विचारायचे असते, हे मला कॉलेजात कोणी शिकवले नव्हते. मुकादमांएवढा मोठा इंजिनिअर मी खात्यात दुसरा पाहिला नाही.

पुढे माझी दौंडला बदली झाली. निवृत्त मुकादमांचे घर तिथल्याच एका गावात, नुकत्याच रुंद केलेल्या रस्त्याला लागून होते. त्यांना भेटायला गेलो. रस्त्यापलीकडच्या पारावर त्यांच्या वयाची माणसे गप्पा मारत बसली होती.

"तुम्ही नाही जात तिकडे?"

"मी न्हाई जात आता, सायेब."

त्यांच्या सूनबाईंकडून रांगोळीचा डबा मागून घेतला आणि म्हणालो, "मुकादम, चालून दावा."

ते हसले आणि पायात वहाणा सरकवल्या. शेजारपाजारची माणसेही मागोमाग आली.

मंजुरीला चार महिने लागले. ब्रेकर रांगोळीच्या त्या रेघेवरच झाला आणि त्याच आठवड्यात मुकादम गेले. त्यांना त्यावरून पार गाठता आला नाही. पारावरचे म्हातारे दुखवट्याला आले ते त्या ब्रेकरवरूनच, सावकाश, एकमेकांचे हात धरून.